माठ, कूलर आणि एसी : हवेतल्या पाण्याचा हिशेब

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या घरातलाच आहे, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही. वाशिम शहर असो, रिसोड असो, कारंजा किंवा मंगरुळपीर असो, घरांच्या भिंतीवर एसीचा बाहेरचा डबा आता सर्रास दिसायला लागलाय. आणि तो आला की दोन तक्रारीही येतात. पहिली अर्थातच बिलाची. दुसरी जरा वेगळी आहे. लोक म्हणतात, "मे महिन्यात ठीक होतं, पण पावसाळ्यात खोली गार होते आणि तरी अंग चिकटच राहतं." या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे हवेतलं पाणी. आज आपण त्याचाच हिशेब मांडू.

सुरुवात एसीपासून नको, माठापासून करू. नवतपा चालू असतो, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असतात आणि तरी माठातलं पाणी गार लागतं. का? माठातून पाझरलेलं पाणी बाहेरच्या बाजूला सुकतं. सुकायला उष्णता लागते, ती उष्णता ते माठाकडून घेतं. आता तोच माठ जुलैच्या झडीत बघा. बाहेर तीसच अंश आहेत, पण माठातलं पाणी कोमटच. कारण हवा आधीच ओली आहे, ती आणखी पाणी घ्यायला तयार नाही. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या घरात एक फुकटचं आर्द्रता मोजण्याचं साधन आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी आपण त्यावरच येणार आहोत.

कूलर म्हणजे मोठा माठच, फक्त त्याला पंखा लावलेला. वाळ्याची ताटी किंवा गवताची जाळी ओली करायची आणि तिच्यातून हवा ओढायची. आता आकडे बघू. मे महिन्याची दुपार, तापमान ४२ अंश, आर्द्रता २० टक्के. अशा हवेला पाणी पाजून जास्तीत जास्त २४ अंशांच्या आसपास नेता येतं. चांगला कूलर त्यातला बराच पल्ला गाठतो आणि २८ अंशांची हवा खोलीत सोडतो. चौदा अंश कमी! वीज किती? पंखा आणि पंप मिळून साधारण २०० वॅट. म्हणजे पाच तासांना एक युनिट.

आता जुलै. तापमान ३१, आर्द्रता ७५ टक्के. इथे कूलरनं कितीही जोर लावला तरी २७ च्या खाली जाता येत नाही. प्रत्यक्षात हवा २८ ला येते. गंमत बघा, मे महिन्यातही २८ आणि जुलैतही २८. मग फरक कुठे? मे महिन्यात कूलरमधून आलेल्या हवेची आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, जुलैत ती नव्वदच्या वर जाते. त्या हवेत घाम सुकत नाही. आणि घाम सुकणं हाच आपल्या शरीराचा कूलर आहे. तो बंद पडला की जीव घाबरा होतो, झोप लागत नाही.

म्हणून मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला आपल्याला लागू पडत नाही. ते म्हणतात, कूलर काही कामाचा नाही. त्यांच्याकडे खरंच नाही, कारण समुद्रकाठी उन्हाळाही दमट असतो. आपण पठारावर, समुद्रापासून लांब. आपल्याकडे दोन वेगळे ऋतू आहेत : कोरडा तापणारा आणि ओला उकडणारा. दोघांना एकच औषध चालत नाही.

आता एसीकडे येऊ. एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, हमालासारखा. आतल्या कॉईलमध्ये गॅस उष्णता घेतो, कॉम्प्रेसर तो दाबून गरम करतो, बाहेरच्या डब्यात तो उष्णता सोडतो आणि परत आत येतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसरला. 'एक टन' म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी उचलण्याची ताकद, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो आणि त्यासाठी पूर्ण जोरात चालताना दीड किलोवॅटच्या आसपास वीज खातो. एका युनिटच्या मजुरीत साडेतीन युनिट उष्णता उचलली जाते, असं समजा. मात्र बाहेर जितकं जास्त तापलेलं, तितकी ही हमाली अवघड. त्यामुळे ४४ अंशांच्या दुपारी तोच एसी जास्त वीज खातो.

आता मुख्य मुद्दा. एसीची कामं दोन आहेत : हवा गार करणं आणि हवा कोरडी करणं. रिमोटवर आकडा फक्त पहिल्या कामाचा दिसतो. खरं म्हणजे या यंत्राचा जन्मच दुसऱ्या कामासाठी झाला. १९०२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्यानं हवा थंड कॉईलवरून नेऊन तिच्यातलं पाणी काढायची योजना आखली. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसंच आतल्या कॉईलवर होतं. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी ते हेच.

किती पाणी? मे महिन्याच्या त्या ४२ अंशांच्या हवेत एका घनमीटरला अकरा ग्रॅमच्या आसपास वाफ असते. जुलैच्या ३१ अंशांच्या हवेत चोवीस ग्रॅम, म्हणजे दुपटीहून जास्त. दहा बाय बाराची खोली घ्या, उंची दहा फूट. जुलैत तिच्यातल्या हवेत आठशे ग्रॅम पाणी तरंगत असतं. आरामासाठी त्यातलं निम्मं काढायला हवं. वर दाराच्या फटीतून नवी ओली हवा येत राहते आणि झोपलेलं प्रत्येक माणूस श्वासातून, त्वचेतून तासाला चाळीसेक ग्रॅम वाफ सोडतं. सगळं धरलं तर रात्रभरात तीनेक लिटर पाणी बाहेर काढावं लागतं. पटत नसेल तर एसीच्या नळीखाली बादली ठेवा. एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत. बादलीच सांगेल.

एक लिटर वाफेचं पाणी करताना सुमारे पाऊण युनिटपेक्षा किंचित कमी उष्णता उचलावी लागते. तीन लिटरला दोन युनिट उष्णता, म्हणजे वीज जेमतेम पाऊण युनिटच्या आत. ओलावा काढणं महाग नाही. महाग पडतं ते वेगळंच. ओलावा निघाला नाही की आपल्याला उकडतं, मग आपण २६ वरून २२, २२ वरून १८ करतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबानं प्रत्येक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. उलटं केलं की तेवढी जास्त जाते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतात, ते याच कारणासाठी. हवा कोरडी असेल तर २६-२७ अंशांवर, वर हळू पंखा ठेवून, छान झोप लागते.

मग ओलावा निघत का नाही? तीन कारणं नेहमी सापडतात. एक, खोलीच्या मानानं एसी मोठा. लहान खोलीला दोन टन बसवला की पाच-दहा मिनिटांत आकडा गाठला जातो, कॉम्प्रेसर थांबतो, पाणी काढायला वेळच मिळत नाही. दोन, आतल्या पंख्याचा वेग सतत जास्त. हवा कॉईलवरून भरकन जाते, कॉईल पुरेशी थंड होत नाही, आणि कॉम्प्रेसर थांबल्यावर तोच पंखा कॉईलवरचं पाणी सुकवून परत खोलीत आणतो. तीन, उघडी फट किंवा खिडकीतला कूलर.

या तिसऱ्यावर जरा थांबू, कारण ही चूक आपल्याकडे फार होते. एसीला मदत म्हणून लोक त्याच खोलीत कूलर चालू ठेवतात. मे महिन्यात मोठा कूलर तासाला दहा लिटरपर्यंत पाणी हवेत सोडतो. ते सगळं परत काढायचं तर तासाला जवळपास सात युनिट उष्णता उचलावी लागेल. दीड टनाच्या एसीची ताकद सव्वापाच. म्हणजे तो हरणारच, आणि हरताना पूर्ण जोरात वीज खाणार. एका खोलीत एकच : एकतर खिडकी उघडी ठेवून कूलर, नाहीतर खिडकी बंद करून एसी.

बिलाचं गणित आता सोपं आहे. कूलर दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला साठ युनिट. दीड टनाचा एसी रात्री आठ तास, सरासरी तासाला एक युनिट धरलं, तर महिन्याला दोनशे चाळीस. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे : शंभर युनिटपर्यंत, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत आणि त्याच्या वर. पुढच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही, हा गैरसमज काढून टाका. पण घरचे मूळ नव्वद आणि एसीचे दोनशे चाळीस झाले की तीनशेची रेघ ओलांडली जाते, आणि शेवटची तीस युनिटं सगळ्यांत महाग पडतात. ती तीस युनिटं वाचवणं हे रिमोटवरच्या दोन-तीन अंशांचं काम आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कूलर वीज वाचवतो, पण दिवसाला शंभर लिटर पाणी पितो. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येत असेल, गावात टँकर चालू असेल, तर तो खर्चही खरा आहे. तिथे कूलर दुपारीच लावा आणि रात्री गच्ची, पंखा यांच्यावर भागवा. स्लॅबवर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारला तर कूलर आणि एसी दोघांचंही काम हलकं होतं.

आता दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : ड्राय मोडवर ठेवलं तर बिल कमी येतं का?

पावसाळ्यात, हो. त्यात पंखा हळू चालतो आणि कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, त्यामुळे पाणी निघतं आणि खोली फार गारठत नाही. मे महिन्याच्या दुपारी मात्र त्याचा उपयोग नाही. तेव्हा हवा कोरडीच असते, काढायला पाणीच नसतं.

प्रश्न : सासूबाईंना एसीनं सांधे दुखतात. त्यांच्यासाठी जुलैतही कूलरच ठेवला तर?

ताई, नका ठेवू. दमट उकाड्यात म्हाताऱ्या माणसांचं अंग लवकर तापतं आणि त्यांना ते कळतही उशिरा. सांध्यांना त्रास होतो तो बहुधा अंगावर येणाऱ्या गार झोताचा. झोत वर छताकडे वळवा, २७ वर ठेवा, पातळ चादर द्या. खोली कोरडी राहिली की त्यांनाही बरं वाटेल. आणि मे महिन्यात चाळिशीच्या वर तापमान असताना त्यांना नुसत्या पंख्याखाली बसवू नका. तो पंखा तेव्हा गरम हवाच अंगावर टाकतो. तिथे कूलर हवाच.

तर मंडळी, शेवटी माठावर येऊ. मिरग लागला की रोज सकाळी माठातलं पाणी पिऊन बघा. गार लागलं तर कूलर चालवा, हवेला पाणी हवंय. कोमट लागलं तर कूलर पुसून, झाकून ठेवा. त्या दिवसापासून हवेतून पाणी काढायचं आहे, आणि ते काम एसीचं. फिल्टर धुवा, दारं-खिडक्या बंद करा, आकडा २६ वर ठेवा आणि बादली भरतेय का ते बघा.