बारडोलीची साखर आणि आकृतीचे साधन

1928 च्या महसूलविरोधी सत्याग्रहाने ज्या बारडोली तालुक्याचे नाव सर्वतोमुखी झाले, त्याची आजची ख्याती सहकारी साखर कारखान्यामुळेही आहे. आणि चरकातून निघालेला रस चुना व गंधकाच्या धुराने निवळून, आटून, स्फटिकरूप कसा होतो हे समजावू पाहणाऱ्यास आकृतीचा आश्रय घ्यावाच लागतो. ती संगणकावर कोणत्या प्रणालीत काढावी, एवढाच प्रश्न उरतो.

बाष्पीभवनाचेच पाहा. एकामागे एक चार पात्रे, पहिल्यातल्या रसाच्या वाफेने दुसऱ्यातला रस उकळायचा, दुसऱ्याच्या वाफेने तिसऱ्यातला, आणि दाब उतरत गेल्याने पुढचा रस कमी उष्णतामानावरही उकळायचा, अशी ही काटकसरीची योजना; कागदावर ती एकाच पात्राच्या चार प्रती व वाफेचे बाण यांनी उभी राहते. असे काम छायाचित्रांसाठी निर्मिलेल्या फोटोशॉपात करणे अनाठायी, कारण तेथील रेषा बहुधा ठिपक्यांची रास असते आणि भिंतीवरील फलकासाठी ती मोठी करताच तिच्या कडा विस्कटतात. रेषा गणिती रूपात नोंदणारी प्रणालीच येथे हवी.

1989 साली अवतरलेले कोरलड्रॉ आपल्या छापखान्यांच्या अंगवळणी पडले आहे खरे. पण त्याची फाईल उघडण्यास प्रायः तेच विकत घ्यावे लागते, म्हणून माझा कौल 2003 साली सुरू झालेल्या, विनामूल्य इंकस्केपकडे. त्याचे चित्र 2001 साली प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या खुल्या स्वरूपात राहते, आणि मूळ पात्रात फेरफार केला की त्याच्या ‘क्लोन’ प्रतींतही तो आपोआप उतरतो. प्रबंध लिहिणाऱ्याने, चित्र माऊसऐवजी आज्ञावलीने रेखणारे टिकझेड शिकावे. त्यातली अचूकता विलक्षण, शिकण्याचा त्रासही तितकाच.

बारडोलीच्या या कारखान्याच्या शेतांत ऊसतोडणीस खानदेशातून मजूर येतात, तेव्हा एकच फलक मराठी व गुजराती अशा दोन्ही लिप्यांत लागतो. यासाठी अक्षरे युनिकोडात, चित्रापासून वेगळ्या थरावर ठेवावीत: एक थर झाकून दुसरा उघडला की काम भागते. छापखान्यास फाईल देताना अक्षरांच्या रेषा करून द्याव्यात, म्हणजे तेथे फाँट नसला तरी जोडाक्षरे फुटत नाहीत. मात्र तशी प्रत वेगळी काढावी आणि संपादनयोग्य मूळ आपल्या दप्तरी राखावे.