भूकंपानंतरची घरे आणि माणसाचा स्वभाव

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर उद्ध्वस्त झाले. त्या दिवसांत अनोळखी माणसे ढिगारे उपसायला धावली, देशभरातून धान्य-कपडे आले. संकटात माणूस स्वार्थीच होतो, हा समज निदान इथे तरी खोटा ठरला.

खरा प्रश्न पुनर्वसनात उभा राहिला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार मात्र पूर्वीच्या जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि अत्यल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. ढिगाऱ्याखाली सगळे सारखेच होते, पण भिंती उभ्या राहताना जुनी उतरंड परत आली. मला हे फार खुपते. हा दोष मनुष्यस्वभावाचा म्हणावा का? नाही. ते कोष्टक माणसांनी बसून ठरवले होते, आणि वेगळेही ठरवता आले असते.

आपल्या माणसांकडे झुकण्याची ओढ उपजतच असते, हे खरे. म्हणून समाज पूर्ण निःस्वार्थी होईल, असे मला वाटत नाही. पण ती ओढ आवरणारे नियम माणसेच करतात. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअरवेलवर बंदी घातली आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. असे सामायिक नियम लोक स्वतः करून पाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवले. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. भूकंपग्रस्त भागातही घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रिया माहिती पोहोचवणाऱ्या ‘संवाद सहायक’ झाल्या, तेव्हा घरमालकांना आपला हक्क नेमका किती, हे कळू लागले.