हॉपरला कंप हवा, पण मोजका

पावसाळ्यात औष्णिक वीज केंद्रांच्या हॉपरमध्ये ओला कोळसा अडकतो. तोंडाशी मालाची कमान तयार होते आणि खालचा प्रवाह थांबतो. ती फोडण्यासाठी कामगाराने आत उतरणे जिवावर बेतू शकते. कमान कोसळली, की माणूस क्षणात गाडला जातो. बाहेरून बसविलेला व्हायब्रेटर हा त्यावरील सुरक्षित उपाय. मात्र त्याची निवड अचूक हवी.

हॉपरच्या निमुळत्या भागातील मालाच्या वजनाच्या साधारण एक दशांश बल व्हायब्रेटरने द्यावे, असा ढोबळ नियम आहे. म्हणजेच ५ टन मालासाठी सुमारे ५०० किलो. बारीक, कोरड्या भुकटीला जलद व सूक्ष्म कंप मानवतात; ओल्या, जाडसर मालाला संथ, पण जोरकस.

यंत्र थेट पातळ पत्र्यावर बसविल्यास पत्रा तडकतो. म्हणून निमुळत्या भागाच्या खालच्या एक तृतीयांश उंचीच्या आसपास पोलादी चॅनेल वेल्ड करून त्यावर ते बसवितात. काही वेळ चालविल्यानंतर बोल्ट पुन्हा आवळावेत; यंत्र निखळले तरी खाली पडू नये, यासाठी सुरक्षा साखळीही बांधावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खालचे दार बंद असताना व्हायब्रेटर चालवू नये. तसे केल्यास माल मोकळा होण्याऐवजी अधिकच घट्ट बसतो.