टिपरी उगवली नाही, दोष बेण्याचा की मातीचा?

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



दोन वर्षांपूर्वीच्या आडसाली हंगामातली गोष्ट. ओढ्याकाठच्या काळ्या रानात एका वडीलधाऱ्या सभासदांनी जुलैअखेर लागण केली. लागण झाली आणि झड लागली. आठ दिवस सरीत पाणी तुंबून राहिले. महिन्याभराने ते गट ऑफिसला आले ते तावातावानेच. म्हणाले, "साहेब, कारखान्याच्या बेण्यानं घात केला. दहा टिपऱ्यांतल्या चार मुक्या राहिल्या. आता बेण्याची रक्कम बिलातून कापायची नाही."

मी म्हणालो, "आबा, आधी रान बघू, मग बोलू."

रानात जाऊन चार-पाच न उगवलेल्या टिपऱ्या उकरल्या आणि कोयत्याने उभ्या चिरल्या. आतला गर कापलेल्या टोकाकडून लालसर होत गेलेला, मध्यभागी काळा पडलेला. गर सडून नुसते धागे उरलेले आणि पोकळीत काजळीसारखी काळी भुकटी. आबांच्या नाकाशी धरली तर म्हणाले, "ह्याला पिकल्या अननसाचा वास येतोय की!" रोगाचे नावच ते आहे, अननस रोग. जावा बेटातल्या उसात १८९३ साली वेंट नावाच्या डच शास्त्रज्ञाने या वासावरूनच त्याला हे नाव दिले.

आता बेण्याचे पाहू. त्याच बेणे मळ्यातले, त्याच दिवशी तोडलेले बेणे शेजारच्या सभासदाने उताराच्या रानात लावले होते. त्यांनी टिपऱ्या औषधात बुडवून लावल्या आणि त्यांची उगवण चांगली झाली. म्हणजे बेणे निर्दोष होते. आबांच्या रानात मात्र औषधाचा पिंप पोहोचलाच नव्हता. पाऊस तोंडावर आला होता, म्हणून मीच फोनवर सांगितले होते, "लागण उरकून घ्या, औषधाचं पुढं बघू." पुढे बघण्यासारखे काही उरले नाही. यात निम्मा दोष माझा होता, आणि तो मी त्यांच्याजवळ तेव्हाच कबूल केला. नांगे भरायला रोपे दिली, ऊस सावरला, पण एकसारखा फड काही झाला नाही.

तेच आबा यंदा खोडव्याच्या वेळी परत आले. म्हणाले, "तुमचं ऐकून पाचट रानातच ठेवलं. आज उचलून बघितलं तर खाली पांढरं जाळं धरलंय. तीच बुरशी परत आली म्हणायची. काडी लावून मोकळा होऊ का?"

हा प्रश्न अनेक सभासद विचारतात, म्हणून हा लेख.

बुरशी एक नव्हे, अनेक

बुरशी म्हटले की आपल्याला रोगच आठवतो. परंतु चांगल्या जमिनीतील चमचाभर मातीत बुरशीचे धागे काही मीटर लांबीचे भरतात. ते सगळेच पिकाच्या जिवावर उठले असते, तर आपल्या रानात हिरवे पानसुद्धा दिसले नसते. गावात जशी नाना तऱ्हेची माणसे, तशी मातीत बुरशी. काही संधी मिळाली की घरात शिरणाऱ्या, काही केरकचरा उचलणाऱ्या, तर काही शेजारधर्म पाळणाऱ्या.

संधी साधणारी बुरशी

अननस रोगाची बुरशी मातीत बीजाणूंच्या रूपाने पडून असते. तिला धडधाकट कांडीच्या सालीतून सहज आत शिरता येत नाही. पण आपण टिपरी तोडतो तेव्हा दोन्ही टोके उघडी पडतात, आणि ती टोके म्हणजे तिला उघडा दरवाजाच. आत साखर तयारच असते. मग शर्यत सुरू होते. डोळा लवकर फुटून कोंबाने स्वतःची मुळे धरली, तर ऊस जिंकतो. थंडी, तुंबलेले पाणी, कोरडे पडलेले रान किंवा खोल गाडलेली टिपरी, यांपैकी काहीही झाले की उगवण रेंगाळते आणि बुरशी जिंकते. एक डोळा टिपरीत दोन्ही टोके डोळ्याच्या जवळ असतात, शिदोरीही कमी असते. म्हणून तिला बेणेप्रक्रिया जास्तच जरुरीची.

दुसरा शत्रू मुळांचा. पाणी साचणाऱ्या रानात पिथियम नावाचा जीव कोवळी मुळे कुजवतो. याला पूर्वी बुरशीतच धरत, आता शास्त्रज्ञ त्याचे कूळ वेगळे मानतात. याचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहत मुळापर्यंत जातात. ऊस पिवळा पडतो, फुटवा कमी होतो, आपण युरियाचा हात वाढवतो, आणि मूळच शाबूत नसल्याने तो युरिया पाण्याबरोबर निघून जातो. लक्षात ठेवा, टिपऱ्यांसाठी आपण वापरतो ते कार्बेन्डाझिम पिथियमवर चालत नाही. त्याचे औषध एकच, निचऱ्याचा चर.

मर रोगाची फ्युजॅरियम बुरशीही अशीच. दुखावलेले मूळ, खोडकिडीचे भोक, पाण्याचा ताण किंवा पाण्याचा साठा अशा अडचणीच्या वेळी ती आत शिरते. लाल कूज ही मात्र मुख्यतः बेण्यातून पसरते. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीने साखर उताऱ्यात नाव कमावले होते, तिला अलीकडच्या वर्षांत लाल कुजव्याने जेरीस आणले. म्हणून पाहुण्यांच्या गावाहून चांगला दिसला म्हणून आणलेला ऊस सरळ रानात लावू नका.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. शत्रू प्रत्येकाच्या रानात थोडाफार असतोच. त्याला दार उघडून देतो ते आपण, जखमेने नाहीतर साचलेल्या पाण्याने.

सफाई करणारी बुरशी

आता आबांचे पांढरे जाळे. ओलसर पाचटाखाली दिसणारे हे धागे पाचट खाणाऱ्या बुरशीचे. पाचटातला चिवट भाग जिवाणूंना एकट्याने लवकर पचत नाही. तो फोडण्याचे मुख्य काम बुरशी करते. मेलेले खाणे हा तिचा धंदा, जिवंत उसाशी तिचे भांडण नाही. जाळे दिसले याचा अर्थ कुजण्याचे काम रांगेला लागले.

एका हेक्टर उसापासून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र तुमच्या रानात पडून आहे. काडी लावली की नत्र आणि कर्ब धुराबरोबर जातात, आणि जमिनीच्या वरच्या थरातले उपयोगी जीव भाजून निघतात. शत्रूचे बीजाणू खालच्या थरात सुखरूप राहतात ते वेगळेच. सफाईवाला मारला आणि चोर ठेवला, असा तो प्रकार.

याच मंडळींतली ट्रायकोडर्मा ही हिरव्या बीजाणूंची बुरशी सफाई करता करता राखणही करते. ती रोगकारक बुरशीच्या धाग्याला वेढा घालते, त्याचे कवच विरघळवते आणि त्यालाच खाते. वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने हे १९३२ साली दाखवून दिले. तिला पोसायला मात्र सेंद्रिय पदार्थ लागतो. उघड्याबोडक्या रानात पाकीट फोडून टाकले, तर पैसे मातीत जातात.

हुमणीने त्रासलेल्या सभासदांना मेटारायझियमचे नाव माहीत असेल. तीही मातीतलीच बुरशी. अळीच्या कातडीतून आत शिरते, अळी मरते, आणि ओलावा असला तर तिच्या अंगावर हिरवा थर येतो.

शेजारधर्म पाळणारी बुरशी

तिसरी मंडळी डोळ्यांना दिसत नाहीत, पण सर्वांत मोलाची आहेत. उसाच्या बारीक मुळांत राहून ती आपले धागे बाहेर मातीत पसरवतात. जर्मनीच्या फ्रांक यांनी १८८५ साली मूळ आणि बुरशी यांच्या अशा जोडीला मायकोरायझा हे नाव दिले, म्हणजे बुरशी-मूळ.

स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर तो चुन्याशी बांधला जातो. मुळाच्या केसाळ भागाला जवळपासचा स्फुरद संपला की पुढचा मिळत नाही. बुरशीचा धागा केसाहूनही बारीक. तो काही सेंटिमीटर लांब जाऊन, मूळ शिरू शकत नाही अशा फटीतून स्फुरद आणि जस्त आणून देतो. मोबदल्यात ऊस तिला आपल्या पानात तयार झालेली साखर देतो. कारखान्याच्या काट्यावर येण्याआधी ऊस आपल्या साखरेतला वाटा मातीतल्या या सभासदांना चुकता करतो. हा व्यवहार आपल्या सहकारापेक्षा फार जुना आहे.

पण हा व्यवहार मोडतो कसा? माती परीक्षण न करता दर वर्षी भरमसाट सुपर नाहीतर डीएपी टाकला, की आयता स्फुरद मिळालेला ऊस बुरशीला साखर देणे कमी करतो. वारंवार खोल नांगरट केली, की धाग्यांचे जाळे तुटते. रान दीर्घकाळ पिकाविना पडले, की ती उपाशी मरते.

तर करायचे काय?

१. बेणे ९ ते ११ महिन्यांचे, बेणे मळ्यातलेच घ्या. तोडलेल्या टिपऱ्या रानात वाळवत ठेवू नका. कोयता धारदार ठेवा, टिपरी चेंबटू देऊ नका.

२. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून टिपऱ्या १० ते १५ मिनिटे पूर्ण बुडवा. हातमोजे घाला. पूर्वी यासाठी पाऱ्याची औषधे वापरत, त्यांवर २०१८ च्या आदेशाने बंदी आली आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर वापरू नका.

३. टिपरी दोन इंचांपेक्षा खोल गाडू नका. आडसालीला लागणीआधी निचऱ्याचा चर काढा, मग बेण्याची गाडी मागवा.

४. ट्रायकोडर्मा कार्बेन्डाझिमबरोबर कधीही मिसळू नका. ते औषध तिलाही मारते. एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात कालवून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा आणि बेणेप्रक्रियेनंतर किमान पंधरा दिवसांनी वाफशावर सरीत द्या.

५. खोडव्याला बुडखे जमिनीलगत छाटा. छाटलेल्या टोकांवरही बुरशीनाशक फवारा, कारण तीही जखमच आहे.

६. पाचट सरीत पसरून हेक्टरी १२५ किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका आणि पाणी द्या. पाचट ओले राहिले तरच कुजेल.

७. अपवाद एकच. काणी किंवा लाल कूज आलेली बेटे मुळासकट उपटून जाळा. रोग जास्त असेल, तर त्या फडाचा खोडवाच ठेवू नका.

आबांना मी हेच सांगितले. त्यांनी काडीपेटी खिशात ठेवली. त्यांच्या खोडव्याखालचे पाचट बरेचसे मऊ पडले आहे, हाताने चुरले तर चुरते. ओढ्याकडेचा चरही त्यांनी या उन्हाळ्यात काढून घेतला. पुढच्या लागणीला औषधाच्या पिंपाजवळ मी स्वतः उभा राहणार, असा शब्द त्यांना दिला आहे, आणि तो इथे छापून देत आहे म्हणजे मागे हटता येणार नाही.

ज्यांच्या रानात टिपऱ्या मुक्या राहिल्या असतील त्यांनी न उगवलेल्या दोन-चार टिपऱ्या कागदात गुंडाळून गट ऑफिसला आणाव्यात. सर्वांसमक्ष चिरून पाहू. दोष बेण्याचा निघाला तर तसे लिहून देऊ. मातीचा निघाला तर तोही बरा होण्यासारखा आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी