गळापासून ताटापर्यंत

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकीचे नाना प्रकार सांगताना त्याने ‘मत्स्यविनोद’ या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. कोणता मासा कोठे आढळतो, त्याला कोणते खाद्य आवडते, गळ व दोरी कशी असावी, याची त्यात तपशीलवार चर्चा आहे. त्याच ग्रंथातील अन्नविषयक भागात मासे शिजविण्याच्या रीतीही दिल्या आहेत. गळ आणि ताट यांचा एकत्र विचार करण्याची आपली परंपरा अशी सुमारे नऊशे वर्षांची आहे.

आज कोकण किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी हाती काठी घेऊन खडकावर उभी असलेली माणसे सर्रास दिसतात. मालवणी मुलखात या उद्योगाला ‘गरवणे’ असा नेमका शब्द आहे. हौस म्हणून गरवणाऱ्यांची संख्या वाढत असली तरी बहुतेकांचे लक्ष मासा लागेपर्यंतच टिकते. मासा हाती आल्यावर त्याचे काय करावे, याची माहिती मात्र तोकडी असते. वस्तुतः ताटातील तुकडीची चव स्वयंपाकघरात शिरण्याच्या कितीतरी आधी, साधनांच्या निवडीपासूनच ठरू लागते.

काठी आणि रील

खडकावरून किंवा जेट्टीवरून गरवण्यासाठी ९ ते १० फूट लांबीची काठी सोयीची पडते. लांब काठीने गळ दूर फेकता येतो आणि दोरी पायाजवळच्या धारदार कालवांपासून वर राहते. खाडीत होडीतून गरवायचे असल्यास ६ ते ७ फुटांची काठी पुरते. काचतंतूची काठी जड, पण दणकट असते. कार्बनतंतूची काठी हलकी आणि संवेदनशील असते. मात्र कार्बन विजेचा वाहक आहे. ढगांचा गडगडाट ऐकू येताच ती खाली ठेवून सुरक्षित जागी जावे आणि विजेच्या तारांखाली ती कधीही उभी धरू नये.

रीलमधील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ‘ड्रॅग’, अर्थात दोरी सुटण्यावर नियंत्रण ठेवणारा ब्रेक. दोरीच्या तुटण्याच्या क्षमतेच्या पाव ते एक-तृतीयांश इतका ताण पडताच दोरी सुटू लागेल, असा तो लावावा. दोरी ९ किलोची असेल तर ड्रॅग सव्वादोन ते तीन किलोंवर हवा. अंदाजापेक्षा स्प्रिंगच्या साध्या वजनकाट्याने तो तपासून घेणे केव्हाही चांगले.

हा हिशेब केवळ दोरी वाचविण्यासाठी नाही. फार नाजूक साधनांवर मासा दीर्घकाळ झुंजत राहिला की त्याच्या स्नायूंतील ऊर्जेचा साठा संपतो आणि लॅक्टिक आम्ल साचते. असा मासा मेल्यावर लवकर ताठरतो आणि त्याचे मांस लवकर मऊ पडते. शिवाय तो सोडून द्यायचा ठरला, तर थकव्यामुळे त्याच्या जगण्याची शक्यताही घटते. म्हणून माशाच्या आकाराला साजेशी साधने वापरून त्याला लवकर जवळ आणणे हे चवीच्या आणि माणुसकीच्या, दोन्ही दृष्टींनी योग्य ठरते.

दोरी, गाठ आणि गळ

आपल्याकडे ‘तंगूस’ म्हणून ओळखली जाणारी नायलॉनची एकपदरी दोरी स्वस्त असते. ती ताणली जात असल्यामुळे माशाचा हिसका सोसते; नवशिक्यासाठी तीच उत्तम. विणीची दोरी तेवढ्याच व्यासात कितीतरी अधिक बळकट असते, पण ती जवळजवळ ताणली जात नाही आणि खडकावर घासली की चटकन तुटते. म्हणून तिच्या टोकाला फ्लुओरोकार्बनचा काही हातांचा तुकडा जोडतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३ आहे. पाण्याच्या अपवर्तनांकाशी जवळीक असल्याने फ्लुओरोकार्बन पाण्यात कमी दिसतो. सुरमई किंवा बाला यांसारख्या तीक्ष्ण दातांच्या माशांपुढे मात्र हे सारे निष्प्रभ ठरते. तेथे गळाआधी बारीक पोलादी तार लावावीच लागते.

गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि नायलॉन नेमका तेथेच कमकुवत होतो. हातचा मोठा मासा जातो तो बहुधा अशा गाठीमुळे. शिशाचे मणी दोरीवर दाताने दाबून बसविण्याची सवय मात्र सोडून द्यावी, कारण शिसे विषारी आहे. त्यासाठी पकड वापरावी.

गळांच्या आकड्यांचा क्रम नवख्याला गोंधळात टाकतो. साध्या क्रमांकात आकडा वाढला की गळ लहान होतो. ६ पेक्षा ४ क्रमांकाचा गळ मोठा. १ नंतर मात्र १/०, २/० असा क्रम सुरू होतो आणि तेथे आकड्याबरोबर गळही वाढतो. नैसर्गिक आमिषासाठी आत वळलेल्या टोकाचा गोलाकार गळ विशेष उपयुक्त आहे. माशाने आमिष गिळले तरी हा गळ बहुधा घशात न अडकता जबड्याच्या कोपऱ्यात लागतो. अशा गळावर झटका मारू नये; दोरी केवळ स्थिरपणे गुंडाळत राहावे.

खाडीतील जिताडा आणि तांबोशी यांना जिवंत कोळंबीचा मोह आवरत नाही. खडकांतील हेकरूला तारलीचा किंवा म्हाकुलाचा तुकडा चालतो. मोकळ्या पाण्यात फिरणारी सुरमई चकाकत्या धातूच्या कृत्रिम आमिषाच्या मागे धावते.

तिथी आणि भरती

किनाऱ्यावरचा मासा भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालतो. पाणी वाहते असताना खाद्य हलते आणि मासा तोंड उघडतो. पाणी स्थिरावले की बहुधा शुकशुकाट होतो. मुंबई परिसरासाठी आपल्या पूर्वजांनी एक सोपा आडाखा बसविला आहे: तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. दक्षिणेकडे, रत्नागिरी-मालवणकडे, ही वेळ काहीशी अलीकडे येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. अचूक वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके उपलब्ध आहेत.

हे गणित माशासाठी जितके, त्याहून अधिक स्वतःच्या जिवासाठी आहे. ओहोटीला पायी गाठलेला खडक भरतीला चहूबाजूंनी पाण्याने वेढला जातो. खडकावर चढण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे दुरून समुद्र न्याहाळावा, कारण मोठ्या लाटा बऱ्याच वेळाच्या अंतराने येतात. शेवाळलेल्या काळ्या, ओल्या खडकावर उभे राहू नये. समुद्राकडे पाठ फिरवू नये. जीवरक्षक जाकीट घालावे आणि एकट्याने जाऊ नये. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे देते, ते पाहूनच बेत ठरवावा. जून-जुलै हे पावसाळी मासेमारीबंदीचे महिने खडकावर जाण्याचे नव्हेतच.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा व कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. तो टोचल्यास अंग सोसेल इतक्या, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तो अवयव अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. वेदनेमुळे पाण्याच्या चटक्याचा अंदाज येत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावे. फुगणारा केंड मासा लागला तर तो पाण्यात परत सोडावा. त्यातील विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही.

पहिला अर्धा तास

मासा ठेवायचा ठरला की त्याला तडफडत मरू देऊ नये. डोक्यावर एक नेमका ठोका देऊन त्याला त्वरित निपचित करावे, कल्ल्यांजवळची रक्तवाहिनी कापावी आणि समुद्राच्या पाण्यात काही मिनिटे रक्त वाहू द्यावे. रक्त निघून गेल्याने मांस स्वच्छ राहते, उग्र वास कमी होतो आणि मासा अधिक टिकतो. जपानमध्ये ‘इकेजिमे’ या नावाने हीच रीत अधिक काटेकोरपणे पाळली जाते.

त्यानंतर बर्फ. बर्फाचे दोन भाग आणि समुद्राच्या पाण्याचा एक भाग असे मिश्रण खोक्यात करून त्यात मासा पूर्ण बुडवावा. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, पाणी मात्र माशाला सर्व बाजूंनी भिडते. शिवाय खारे पाणी शून्याखाली सुमारे १.८ अंशांना गोठत असल्याने हे मिश्रण गोड्या पाण्याच्या मिश्रणापेक्षा अधिक थंड होते.

बर्फ किती न्यावा, याचेही गणित आहे. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणण्यासाठी सुमारे एक-तृतीयांश किलो बर्फ वितळतो. परंतु आपल्या उन्हात खोक्याच्या भिंतींतून सतत उष्णता आत शिरत असते. म्हणून माशाच्या वजनाइतका बर्फ हा व्यवहारातला हिशेब. मासे लागोत वा न लागोत, बर्फ घरूनच न्यावा.

यात कुचराई केल्यास प्रश्न केवळ चवीचा राहत नाही. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उबदार राहिला की जीवाणू त्याचे हिस्टॅमिनमध्ये रूपांतर करतात. ते खाल्ल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत चेहरा लाल होणे, डोके दुखणे, खाज, उलटी अशी लक्षणे दिसतात. हिस्टॅमिन एकदा तयार झाले की ते तळल्याने, उकळल्याने वा गोठविल्याने जात नाही, आणि मासा वासाने खराब वाटेलच असेही नाही. श्वास लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. समुद्रापासून दूर नागपूर, इंदूर वा हैदराबादला राहणाऱ्या वाचकांनाही हा नियम तितकाच लागू आहे. बाजारात मासा घेताना डोळ्यांची चमक आणि कल्ल्यांचा लाल रंग पाहावाच, पण तो बर्फात होता की बर्फाशेजारी, हेही पाहावे.

स्वयंपाकघरात

खवले काढून, पोट व कल्ले साफ करून, पोटातील काळा पापुद्रा आणि कण्याजवळचे रक्त खरवडून टाकावे. तुकड्या केल्यावर मासा पाण्यात भिजत ठेवू नये. चव पाण्याबरोबर जाते. मोठा मासा ताठरलेल्या अवस्थेत कापल्यास मांसाचे थर सुटतात. तो साफ करून बर्फात एक दिवस ठेवून मग कापणे श्रेयस्कर. या काळात स्नायूंतील ऊर्जाद्रव्याचे विघटन होऊन इनोसिनेट हा रुचकर पदार्थ तयार होतो.

मासळीचा परिचित वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन या द्रव्याचा. ते अल्कधर्मी आहे. आम्लाशी संयोग झाला की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही. आमसूल, चिंच, लिंबू वा कोकमाचे आगळ यांची आपल्या किनारी स्वयंपाकातील जागा अशी रसायनशास्त्रानेही पटणारी आहे. तेलकट बांगड्याच्या तिखल्यात ठेचून घातलेले तिरफळ त्याच्या उग्रपणाला आपल्या सुगंधाने झाकते.

तुकड्यांना मीठ, हळद व आगळ लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, सुटलेले पाणी निथळून मग मसाला लावावा आणि तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तापल्या तव्यावर टाकावे. कडा सोनेरी होईपर्यंत तुकडी हलवू नये. माशाच्या स्नायूंना जोडणाऱ्या ऊती नाजूक असल्याने त्या कमी उष्णतेलाही विरघळतात. म्हणून आमटीत मासा शेवटी घालावा, डाव न फिरवता भांडेच हलकेच फिरवावे आणि मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटू लागताच आच बंद करावी.

जे परत सोडावे

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार निश्चित केला. सुरमईसाठी तो ३७० मिलिमीटर आणि राज्यमासा म्हणून त्याच वर्षी घोषित झालेल्या रुपेरी पापलेटसाठी १३५ मिलिमीटर आहे. यामागील विचार सरळ आहे: माशाला किमान एकदा अंडी घालण्याची संधी मिळावी. मुद्दल राखून व्याजावर संसार करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हौशी माणसाच्या उपजीविकेचा प्रश्न येथे नसतो. किनाऱ्यावरील कोळी आणि गाबीत कुटुंबांचा मात्र असतो. म्हणूनच हौशी माणसाने अधिक काटेकोर राहायला हवे. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात गरवण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी.

लहान मासा सोडताना हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवला असेल तर गळ सहज निघतो. तो खोल गिळला गेला असल्यास ओढाओढ न करता दोरी तोंडाजवळ कापावी. मासा फेकू नये. पाण्यात धरून ठेवावा आणि स्वतःच्या बळाने निघाला की सोडावा. तुटलेली दोरी मात्र खडकावर टाकून येऊ नये, कारण तिच्यात कासवे आणि पक्षी अडकतात.

घरी परतल्यावर काठी व रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन सावलीत वाळवावीत. जोराच्या धारेने मीठ रीलच्या आतच ढकलले जाते. साधने वाळेपर्यंत तव्यावरची तुकडी तयार होते. पोटापुरते दोन मासे, नीट धरलेले आणि नीट राखलेले, उन्हात सुकत गेलेल्या टोपलीभर माशांपेक्षा केव्हाही मोलाचे.