कोरड्या पोशाखाचे पंक्चर

स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये जर्मन नौदलाने १९१९ साली स्वतःच बुडवलेल्या, पैकी उरलेल्या युद्धनौका पाहायला आजही पाणबुडे उतरतात. तिथले पाणी उन्हाळ्यातही गारच. शिवाय पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढते. म्हणून हवा ड्रायसूट.

तो गळू लागला तर? मंडळी, सायकलचे पंक्चर आठवा! मनगटांत बाटल्या, गळ्यात चेंडू कोंबून सूट फुगवायचा, वर साबणाचे पाणी फासायचे. बुडबुडा येईल तिथे खडूची खूण. मग सूट पूर्ण वाळवून आतून युरेथेनचा गोंद लावायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही.

खरी जोखीम गळ्याच्या रबरी पट्टीची. सैल असेल तर पाणी शिरते. फार घट्ट असेल तर मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन भोवळ येते, तीही पाण्याखाली! म्हणून लॅटेक्स एकदम कापू नये. एक कडी कापावी, घालून पाहावे, मगच पुढची.