सूर्यास्तानंतर जीपीएस का भरकटतो?

सिंगापुरात संध्याकाळी मुलांना आणि मित्रमंडळींना घेऊन जिओकॅशिंगला, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेली डबी शोधायला निघालात, तर शेवटच्या काही मीटरांत मोबाईलमधल्या बाणावर फार विसंबू नका.

सुमारे २०,२०० किमी उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोहोचले, यावरून फोन तुमची जागा काढतो. एका संदेशाच्या वेळेत सेकंदाच्या एक कोटीव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३० मीटरांनी चुकते. हेंडरसन वेव्ह्ज पुलाभोवतीची दाट झाडी संदेश क्षीण करते, तर उंच इमारतींवर आपटून ते वळसा घेऊन येतात.

त्यात सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर. या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ प्लाझ्माचे प्रचंड बुडबुडे वर चढतात आणि त्यांतून येणारे संदेश ताऱ्यांसारखे लुकलुकतात. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास हा त्रास अधिक.

अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये पहिली डबी लपवली गेली. आयनांबराची चूक मात्र अशी हुकमाने जात नाही. म्हणून बाण भिरभिरू लागला की फोन खिशात टाका, टॉर्च काढा आणि डबीबद्दलची सूचना मुलांना पुन्हा वाचायला सांगा.